आखरावरचं शेण

सरकारी पत्रकावर विश्वास ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, माझा पगार सरकारी कागदावरच निघतो, आणि खाल्ल्या मिठाला जागण्याची आमच्या घराची रीत आहे. पण १९८३ च्या दिवाळीनंतर पवनीच्या पंचायत समितीत मला एक गुलाबी पत्रक मिळालं आणि त्याच्या पायी मी तीन महिन्यांच्या आत गावासमोर शेणचोर ठरलो. ही हकीकत दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगितलेली बरी. आमच्या गावातले लोक सांगायला बसले की टोपलीभर शेणाचं गाडीभर होतं.

पत्रकावर चित्र होतं. इस्त्रीचं पातळ नेसलेली एक बाई शेगडीपाशी उभी राहून हसत होती. खाली लिहिलं होतं, गोबर गॅस बांधा, धूर घालवा, अनुदान मिळवा. एक जनावर रोज दहा किलो शेण देतं, पाच जनावरं पन्नास किलो, आणि पन्नास किलोत सहा माणसांचा स्वयंपाक. मी गणित शिकवतो. गुणाकार तपासून पाहिला, बरोबर होता. माझ्याकडे दोन बैल, दोन गाई आणि एक कालवड अशी मोजून पाच जनावरं होती. म्हणजे सरकारनं माझा गोठा पाहूनच पत्रक छापलं होतं म्हणा ना.

आता गॅस कशाला हवा, तर माझी बायको सत्यभामा हिच्या डोळ्यांसाठी. चौदा वर्षं ती चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होती. पावसाळ्यात ओली लाकडं, उन्हाळ्यात पऱ्हाट्या आणि बाराही महिने धूर. डोळे सदा लाल, सदा गळणारे. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं त्या वर्षी स्पष्टच सांगितलं, औषध देतो, पण धुरात बसणं थांबवा, नाहीतर पुढं दिसणं कमी होत जाईल. येताना एस.टी.त ती म्हणाली, "धुरात बसनं बंद करतो मी. सयपाक तुमी करा." मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ती हसत होती, पण मला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांची मला खरोखर धास्ती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, गावातला पहिला गॅस गुरुजींचा, हेही मनात कुठंतरी होतंच.

अर्ज केला. सातबारा, आठ-अ, रहिवासी दाखला, आणि जनावरं असल्याचा दाखला. हा शेवटचा कागद विस्तार अधिकारी साहेब स्वतः येऊन, जनावरं डोळ्यांनी पाहून देणार होते. साहेब आले ते भर दुपारी बारा वाजता. गोठा रिकामा. पाचही जनावरं गावच्या कळपाबरोबर दोन कोस लांब जंगलात चरत होती.

"जनावरं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"चरायला गेलीत."

"शेजाऱ्याची दाखवा."

शेजारी टेकचंद धावून आला. टेकचंदची ओळख करून द्यायला नको, सल्ला देणारा शेजारी प्रत्येकाला असतो, मला जरा जास्त मिळाला आहे. तो म्हणाला, "साहेब, या टायमाले गावात एक बी ढोर नाई सापडत. सांजेले या, रस्ता भरून जाते." पण साहेबांना अडीचची एस.टी. गाठायची होती. त्यांनी सत्यभामेनं केलेले पोहे खाल्ले, 'पाच जनावरे समक्ष पाहिली' असं लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी आम्हा तिघांच्याही डोक्यात उजेड पडायला हवा होता. तीन शिकलेली माणसं रिकाम्या गोठ्यासमोर उभी होती. टेकचंद सातवी आहे, त्यालाही मी शिकलेला धरतो.

अर्ज मंजूर झाला. अट एकच होती, ३१ मार्चच्या आत शेगडीवर जाळ दिसला पाहिजे. दिसला तर अनुदान, नाहीतर सगळा भार लाभार्थ्यावर. लाभार्थी म्हणजे मी. हा शब्द मला फार आवडला होता, मी आठ दिवस तो मनात घोळवत होतो.

अंगणात खड्डा खणायला घेतला. पवनीला काही वर्षांपूर्वी सरकारनं खोदकाम केलं, त्यात बुद्धकाळचे दगड निघाले, हे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं माझ्या अंगणात रोज गर्दी. "गुरुजी, काई लागलं का?" खापराचा एक तुकडा निघाला तेव्हा तर लोकांनी कुदळच थांबवायला लावली. माझे सहशिक्षक तेजराम गुरुजी बौद्ध आहेत आणि पवनीच्या खोदकामावर स्वतः जाऊन आलेले आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून तुकडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, हे दहीहंडीचं मडकं आहे. यावर चुना आहे." मग कुठं गर्दी पांगली. टेकचंदला मात्र अजूनही वाटतं की आम्ही दोघांनी काहीतरी दाबलं.

मग लोखंडी टाकी आली. खड्ड्यावर उलटी ठेवायची, खाली गॅस जमला की ती वर उचलली जाते, अशी ती टाकी. ट्रक डांबरी सडकेवर सोडून गेला. तिथून गावापर्यंत बैलगाडी आणायची की गडगडत न्यायची यावर चर्चा झाली. टेकचंद म्हणाला, "गोल वस्तूले गाडी कायले पायजे?" म्हणून गडगडवली. उतारावर ती सुटली आणि कोणाच्या तरी बोडीत गेली. बोडी म्हणजे धानाच्या शेताच्या डोक्याशी बांधलेलं लहानसं तळं, आमच्याकडे शेतोशेती असतं. टाकी तोंड वर करून पडली आणि होडीसारखी मधोमध जाऊन उभी राहिली. दोन दिवस ती तिथंच होती. शाळेतून जाता-येता मला ती दिसायची, आणि मला ती दिसते आहे हे गावाला दिसायचं.

असो. टाकी निघाली, बांधकाम झालं, पडवीत शेगडी बसली. उरली पहिली भरती. ही भरती पंचवीस क्विंटल शेणाची असते, असं साहेबांनी जाता जाता सांगितलं. मी गुणाकार केला. रोजचे पन्नास किलो, पन्नास दिवस. तारीख होती ५ फेब्रुवारी. पाच-सात दिवस शिलकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामेनं गोठा झाडला आणि शेण माझ्यासमोर ठेवलं. दोन लहान टोपल्या. त्यातली एक तिनं उचलून घेतली.

"ती कुठं नेतेस?"

"अंगनात सडा कोन टाकंन? घर कशानं सारवू?"

"अगं, पण पन्नास किलो..."

"पन्नास किलो शेन द्याले का म्हशीचा तांडा आहे आपला? आपलं ढोर तर आखरावर जाऊन मोकळं होते. मले विचारलं असतं त सांगतलं असतं."

तिला विचारायचं पत्रकात लिहिलेलं नव्हतं. आखर म्हणजे गावाबाहेरचं मैदान. सकाळी घरोघरची जनावरं तिथं जमा होतात, गायकी, म्हणजे गावचा गुराखी, ती जंगलात चारायला नेतो आणि संध्याकाळी आणून सोडतो. दिवसभराचं शेण कोण कुठं टाकेल त्याचा हिशोब सरकारनं धरला नव्हता आणि मीही नाही. राहिलेल्या एका टोपलीच्या वेगानं भरती पूर्ण व्हायला पुढची दिवाळी उजाडली असती.

टेकचंदनं सल्ला दिला, ढोरं घरीच बांधून ठेवा. ठेवली. बैल दुपारपर्यंत हंबरले, कालवडीनं दावं तोडलं आणि थेट आखर गाठलं. घरातला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, साठा पाच दिवसांत निम्म्यावर आला. शेण मात्र टोपलीभरच वाढलं, नुसत्या तणसावर जनावरं ती काय टाकणार. सहाव्या दिवशी मी जनावरं सोडली आणि सातव्या दिवशी जे करू नये ते केलं. शाळेच्या आधी, टोपली घेऊन, मान खाली घालून आखरावर गेलो आणि जनावरांच्या मागून शेण उचलू लागलो. डोक्यावर टोपी होती, पायात वहाणा होत्या. शेण कसं उचलतात हे मला तितकंसं ठाऊक नव्हतं, पण जमत होतं.

"गुरुजी," मागून आवाज आला, "हे माह्यं आहे जी."

तुळसा होती. आमच्या गावची गायकीण. तिचा नवरा परसराम गायकी करायचा. तीन वर्षांपूर्वी तो जंगलातच साप चावून गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्याची काठी हातात घेतली. गावची एकशे बारा जनावरं ती एकटी सांभाळते. त्याबद्दल जनावरामागं वर्षाचं धान मिळतं, आणि आखरावर पडेल ते शेण गायक्याचं, ही जुनी वहिवाट. तुळसा त्याच्या गोवऱ्या थापते आणि डोक्यावरून पवनीच्या बाजारात नेते. धान अर्ध्या वर्षात संपतं, पुढचं अर्धं वर्ष गोवऱ्यांवर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी म्हणालो, "माझ्या गाईचं आहे."

"गाय तुमची. शेन आखराचं." ती ओरडली नाही, हे जास्त लागलं. "तुमी मास्तर मानूस. मले मांगतलं असतं त टोपलीभर कोनी नाई म्हनलं असतं?"

शाळेत जाणारी पोरं बाजूला उभी होती. मी टोपली तिथंच रिती केली. त्या दिवशी पहिल्या तासाला मी सुविचार लिहायचा टाळला.

आता शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण अपमान झालेला माणूस शहाणा राहत नाही, निदान मी तरी राहिलो नाही. मी कागद घेतला आणि तहसील कचेरीला अर्ज लिहिला. विषय, आखरावरील शेणाच्या मालकीबाबत. त्यात 'राष्ट्रीय ऊर्जा' हा शब्द चारदा होता आणि तुळसाबद्दल 'एक इसम अनधिकृतपणे शेण गोळा करीत असून' असं वाक्य होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सदर शेण गावठाणात पडत असल्यास ग्रामपंचायतीशी व जंगलात पडत असल्यास वनविभागाशी संपर्क साधावा. शेण नेमके कोठे पडते याचा खुलासा अर्जात नाही. प्रत, ग्रामपंचायतीस योग्य कार्यवाहीसाठी.

ही जी प्रत गेली, तिनं घात केला. ग्रामपंचायतीला आजवर शेणाबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. सरपंच कागद वाचून म्हणाले, "शेनाले इतकी किंमत आहे त फुकट काहून जाऊ द्याचं? आखराचा लिलाव करू. जो जास्त बोलंन त्याचं शेन." येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय लागला, आखरावरील शेणाचा लिलाव. टेकचंद आनंदानं सांगत आला, "मास्तर, बोली तुमीच बोला. तुळसापाशी काय आहे बोलाले?"

त्या संध्याकाळी तुळसा आमच्या घरी आली. माझ्याकडे आली नाही. सरळ चुलीपाशी सत्यभामेजवळ जाऊन बसली. मी पडवीत वर्तमानपत्र धरून होतो, वाचत नव्हतो.

"बाई, मले लेकरूबाळ नाई, शेतबी नाई," ती म्हणत होती. "शेन गेलं त मी गायकी कायच्या भरोशावर करू? मी त जाईन कुटंबी. पर या एकशे बारा ढोराईले मी नावानं हाक मारतो. त्याईले कोन पाहीन?"

धुरातून सत्यभामेच्या खोकल्याचाच तेवढा आवाज आला. तुळसा गेल्यावर ती पदरानं डोळे पुसत बाहेर आली. डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं की आणखी कशाचं, हे मला चौदा वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"अर्ज तुमी लिवला?"

"हो."

"माह्या डोयासाठी?"

मी हो म्हणणार होतो.

"मंग मले नाई पायजे गॅस," ती म्हणाली. "माह्ये डोये फुटले तरी चालतीन. पर तिले गावातून हाकलून पेटवलेल्या जाळावर मी भात नाई शिजवत."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. रागावण्यासारखं काही सापडतं का ते मनात पुष्कळ शोधलं. मला माझी लाज वाटत होती, एवढंच काय ते खरं होतं.

सभेला मी गेलो. तिसरा विषय आला तेव्हा उभा राहिलो. मला भाषणाची सवय आहे, पंधरा ऑगस्टला मीच बोलतो, पण त्या दिवशी प्रस्तावना केली नाही. म्हणालो, "मी अर्ज मागं घेतो. आखरावरचं शेण तुळसाबाईचं आहे. तिच्या नवऱ्याचं होतं, सासऱ्याचं होतं. त्यातली एक टोपली मी विचारल्याशिवाय उचलली होती. ते शाळेत कोणा पोरानं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं."

ग्रामसेवकानं वही चाळली आणि म्हणाला, "गुरुजी, अर्ज मागं घेण्यासाठी अर्ज द्यावा लागेल." तो मी तिथंच लिहून दिला. त्यात राष्ट्रीय ऊर्जा नव्हती. सरपंचांनी विचारलं, आता बोली कोण बोलतो? कोणीच बोललं नाही. टेकचंदनं हात वर केला होता, पण तो डोकं खाजवायला, असं त्यानं मागाहून सांगितलं.

घरी आलो आणि टाकीकडे पाहिलं. मार्च लागला होता. खाली खड्ड्यात गुडघाभर शेणाचा काला, त्यावर माश्या. सगळा खर्च अंगावर येणार, अंगणात हा लोखंडाचा पांढरा हत्ती राहणार आणि सत्यभामा धुरातच बसणार. मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येतो तर अंगणात तुळसा. कमरेवर भलं मोठं टोपलं. ती आणि सत्यभामा दोघी मिळून शेणात पाणी कालवून खड्ड्यात सोडत होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत भरलेले.

"हे काय?" मी म्हणालो.

"आमचं ठरलं," सत्यभामा म्हणाली.

काय ठरलं, ते मला बसवून सांगण्यात आलं. आखरावरचं सगळं शेण तुळसा या खड्ड्यात टाकणार. वायू निघून गेल्यावर दुसऱ्या बाजूनं जी मळी बाहेर येते, ती तुळसाची. वाळवून ती खत म्हणून विकणार. मिरच्यावाल्यांना तसं खत हवंच असतं, दोन गिऱ्हाइकं तिनं आधीच बोलून ठेवली होती. आणि रोज संध्याकाळी जनावरं सोडून आल्यावर ती आमच्या शेगडीवर आपला भात रांधणार. घरी जाऊन तिला चूल पेटवायला नको.

"मळी विकता येते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

सत्यभामेनं शेणाच्या हातानं बाजेवर उलट्या पडलेल्या गुलाबी पत्रकाकडे बोट दाखवलं. ते मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. मी पुढचीच बाजू वाचली होती.

२६ मार्चला टाकी हलली. आधी बोटभर, मग वीतभर. आम्ही सगळे तिला पाहत बसलो होतो. टेकचंद भिंतीआडून पाहत होता, कारण ती उडणार अशी त्याची खात्री होती.

साहेब ३१ तारखेला आले, फोटोवाल्याला घेऊन. "लाभार्थ्यानं स्वतः शेगडी पेटवायची," ते म्हणाले. मी पुढं झालो. आधी चावी फिरवायची की आधी काडी ओढायची, हे मला ठाऊक नव्हतं. चार काड्या गेल्या. शेवटी सत्यभामा आली, माझ्या हातातून पेटी घेतली आणि एका काडीत निळा जाळ उभा केला. ती बाजूला झाल्यावर फोटो निघाला. त्यात मी हातात रिकामा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, धरून उभा आहे.

"पाच जनावरांवर एवढा दाब?" साहेब टाकीकडे पाहत म्हणाले.

"एकशे बारा, साहेब," मी म्हणालो. "शेण या तुळसाबाईचं आहे." आता अनुदान जातं की काय, असं वाटून सत्यभामेनं माझ्याकडे पाहिलं. पण मला पुन्हा खोटं लिहवून घ्यायचं नव्हतं.

साहेबांनी फॉर्म खालपासून वरपर्यंत पाहिला. "इथं रकाना तुमच्या जनावरांचा आहे. बाकीची एकशे सात लिहायला जागा नाही."

"मग लाभार्थी म्हणून या दोघींची नावं लिहा."

"सातबारा कोणाच्या नावे आहे?"

"माझ्या."

"मग सही करा गुरुजी. मला एस.टी. आहे."

मी सही केली. लाभार्थी या शब्दाखाली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तेजराम गुरुजींना घेऊन मी संध्याकाळी घरी आलो. सभेपासून गाव मला शेणचोर म्हणून चिडवत होतं, माझ्याशी नीट बोलणारे तेच होते, म्हणून मुद्दाम आणलं होतं. पडवीत शिरतानाच आवाज दिला, दोन कप चहा कर. शेगडीवर एक काळा गंज होता आणि तुळसा त्याच्यापुढं उकिडवी बसली होती.

"थांबा जरासक," सत्यभामा म्हणाली. "तुळसाचा भात शिजून राहिला."

"अगं, गुरुजी आले आहेत."

"बसू द्या ना त्याईले. शेन तिचं आहे."

घर कोणाचं, शेगडी कोणाची, कागदावर सही कोणाची, असं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सत्यभामेनं मान वर केली. चौदा वर्षं तिनं मला चुलीपाशी बसून उत्तर दिलं होतं ते तोंड फिरवून, डोळे बारीक करून, पदराचं टोक नाकाशी धरून. आज ती दोन्ही डोळे पुरते उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती, आणि पाहतच राहिली.

"काय पाहून राहिली?" मी विचारलं.

"तुमचे केस किती पिकले जी," ती म्हणाली. "मले मालूमच नव्हतं."

मी तेजरामांना बाजेवर बसवलं, त्यांच्या शेजारी स्वतः बसलो, आणि भात होईपर्यंत आम्ही थांबलो.